विनापरवाना बुरशी

उत्तरेश्वररावांवर पाणीचोरीचा अर्ज झाला तो दोन हजार तेराच्या एप्रिलात, आणि तो झाला एका बुरशीपायी.

चौतीस वर्षं एसटीत नोकरी. त्यातली शेवटची अकरा गेवराईच्या बसस्थानकात, वाहतूक नियंत्रक म्हणून. या चौतीस वर्षांत एसटीची एक पेन्सिलसुद्धा घरी आली नव्हती. अशा माणसाच्या दारात कोतवाल येतो, घसा खाकरतो आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "कंट्रोलर, तुमच्या नावानं नोटीस हाय. पाणीचोरीची!"

त्या उन्हाळ्यात खडकटाकळीला तीन दिवसांआड टँकर यायचा. कुणाला खुनी म्हटलं असतं तर लोकांनी "बसा, चहा घ्या" म्हटलं असतं. पाणीचोर म्हटल्याबरोबर शेजारच्या दोन बायकांनी अंगणातल्या घागरी उचलून आत नेल्या.

उत्तरेश्वरराव नोटिशीनं एवढे चिडले नाहीत. घागरी आत नेल्या, त्याला चिडले.

आता हे सगळं झालं कसं? दुष्काळात सरकारला जे देता येत नाही, त्याच्या बदल्यात ते प्रशिक्षण देतं. फेब्रुवारीत तालुक्याला असंच एक प्रशिक्षण झालं. प्रत्येक सहकारी संस्थेनं पंधरा माणसं आणायची होती. खडकटाकळीच्या दूध संस्थेचे चेअरमन बद्रीनाथ यांच्याकडे चौदा जमली. गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत होती, संस्थेत दूध म्हणून येईल ते कपात मोजावं लागे. पण दूध आटलं तरी चेअरमनपद आटत नाही. बद्रीनाथांनी पंधरावा म्हणून शेताशेजारच्या उत्तरेश्वररावांना टेंपोत चढवलं. पुढं जे झालं त्याला एका अर्थी बद्रीनाथच कारण होते, हे उत्तरेश्वररावांनी नंतर अनेकांना पटवून द्यायचा प्रयत्न केला.

सभागृहात कृषी विद्यापीठाच्या एक डॉक्टर बाई बोलत होत्या. पंधरातले चौदा झोपले. उत्तरेश्वरराव जागे होते, कारण नियंत्रकाला खुर्चीत झोप लागत नाही. बाई सांगत होत्या, "झाडाचं मूळ जिथं पोचत नाही, तिथं बुरशीचे धागे पोचतात. केसापेक्षाही बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. झाड या बुरशीला आपली साखर देतं, बुरशी झाडाला ओल आणि स्फुरद आणून देते. एकाच बुरशीचे धागे चार-चार झाडांच्या मुळांत शिरलेले असतात. सगळ्या शेताखाली असं जाळं असतं. आपण नांगरतो, औषधं ओततो आणि ते तोडून टाकतो."

उत्तरेश्वररावांच्या अंगावर काटा आला. चौतीस वर्षं त्यांनी या गावाहून त्या गावाला गाड्या सोडल्या होत्या, आणि पायाखाली एवढी मोठी वाहतूक विनानियंत्रण चालू होती!

बाई पुढं म्हणाल्या, "अर्थात या जाळ्यातून एका झाडाकडून दुसऱ्याला नेमकं किती जातं, यावर आमच्यातच अजून वाद आहे..." पण तेवढ्यात मागच्या दारातून पुऱ्यांच्या पराती आल्या, चौदा माणसं एकदम जागी झाली आणि हे वाक्य खुर्च्यांच्या आवाजात बुडालं. उत्तरेश्वरराव घरी आले ते वादाशिवाय आले.

निवृत्तीनंतर त्यांनी गावी, घरामागच्या एकरभर रानात मोसंबीची चाळीस झाडं लावली होती. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी आणि पाटीवर क्रमांक. बिनक्रमांकाचं काही उभं राहिलेलं त्यांना बघवत नसे. बोअर नोव्हेंबरातच कोरडा पडला होता. झाडं पाच वर्षांची, ऐन भरात येणारी. आणि आता पानं अशी वळत होती की जणू कुणी विड्या बांधायला घेतल्यात. रोज सकाळी उत्तरेश्वरराव बांधावर उभे राहत आणि आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर यावं तसे परत येत.

त्यांच्या आणि बद्रीनाथांच्या बांधावर एक जुनी चिंच होती. अर्धी यांची, अर्धी त्यांची. कधी कुणी तिच्या बुडाशी नांगर घातला नव्हता. डॉक्टर बाईंनी सांगितलंच होतं: जुन्या, न नांगरलेल्या झाडाखालची माती बारीक मुळांसकट घ्या, आपल्या झाडांच्या मुळांशी घाला, वर पालापाचोळ्याचं पांघरूण टाका. उत्तरेश्वररावांनी बारा टोपल्या माती काढली. आपल्याच बाजूची काढली, हे इथं नमूद केलं पाहिजे, कारण पुढं ते नमूद करायला कुणी तयार झालं नाही.

गावात लपून काही करता येत नाही आणि सल्ल्याशिवाय तर मुळीच येत नाही. पहिले आले मुंजाजी. वीज मंडळातले निवृत्त लाइनमन. जगात जे काही आहे ते एक तर लाइन आहे किंवा फॉल्ट आहे, अशी त्यांची समजूत.

"म्हंजे जिमिनीखालून वायरिंग हाय," मुंजाजी म्हणाले.

"वायरिंग नाही. बुरशी."

"तेच की बे! पर फेज कुठून घेतला? चिंचंवरून? मग एवढ्या चाळीस झाडांचा लोड तिला झेपंल का?"

दुसऱ्यानं सांगितलं, बुरशी म्हणजे रोग, चुना टाका. तिसऱ्यानं सांगितलं की त्याच्या सासुरवाडीला एकानं अशीच माती आणली आणि तिच्याबरोबर वाळवी आली. दार, चौकट आणि सातबाराचा उतारा, तिन्ही खाल्ली. छबुबाई नावाच्या शेजारीण आजीनं तर मंजुळाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "रिटायर झाल्यापून असंच करायलेत का मधी कमी झालंतं?"

मंजुळाबाई, म्हणजे उत्तरेश्वररावांच्या पत्नी. त्यांनी फक्त जुनी मडकी गोळा केली, एकेका झाडापाशी एकेक पुरलं आणि भांडी घासलेलं, धुणं धुतलेलं पाणी त्यात ओतायला लागल्या. नवऱ्यानं बुरशीचं म्हटलं तर बुरशीचं. झाडाला पाणी लागतं एवढं त्यांना माहीत होतं.

आणि मार्चच्या मध्याला चमत्कार झाला. बांधालगतची पहिली ओळ, झाड क्रमांक एक ते अकरा, हिरवी राहिली. वळलेली पानं उलगडली. बारापासून पुढची एकोणतीस वाळत चालली, पण चिंचेजवळची अकरा मात्र ताठ!

उत्तरेश्वररावांना आणखी काय पुरावा पाहिजे होता? चिंचेजवळ जाळं दाट, तिथं झाडं हिरवी. लांब विरळ, तिथं वाळलेली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात व्याख्यान सुरू केलं. रोज सकाळी सहाला ते तिथं आधीपासूनच जायचे, पेपर वाचायचे; आता आठपर्यंत येईल त्याला जमिनीखाली न्यायला लागले.

"ही बुरशी बांध ओळखत नाही," ते म्हणायचे. "खालती सातबारा नाही, गट नंबर नाही. ज्याच्याकडं ओल जास्त त्याच्याकडून घ्यायची, ज्याच्याकडं कमी त्याला द्यायची. खरा सहकार म्हणतात तो हा!"

एका सकाळी बद्रीनाथ तिथंच, पलीकडच्या बाकावर, बिनसाखरेचा चहा पीत बसले होते. त्यांना दोन वर्षांपासून साखरेचा आजार होता आणि चहासकट सगळ्या गोष्टींची चव गेली होती. सहकार म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"सहकार हाय म्हंता, मग चेअरमन कोण हाय त्याचा?"

"चेअरमन नसतो त्यात," उत्तरेश्वरराव म्हणाले. "म्हणून तर ते चालतं."

हॉटेलातली अकरा माणसं हसली. बारावा माणूस हसला नाही. उठला, कप न संपवता गेला. वाक्य चांगलं होतं, यात शंका नाही. उत्तरेश्वररावांना ते पुढं कित्येक महिने चांगलं वाटत राहिलं. पण चांगली वाक्यं दुष्काळात बोलायची नसतात.

बद्रीनाथांची बाग आणि घर बांधापलीकडे. ते आठवड्याला स्वतःचा टँकर आणून सिमेंटच्या हौदात उतरवत आणि तिथून ठिबकनं झाडांना देत. माणूस इतका काटेकोर की संध्याकाळी हौदाच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारून ठेवायचा. आणि महिनाभर रोज सकाळी दूध संस्थेतून परत आल्यावर ते बघत होते, की पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलंय. तोटी बंद. हौद फुटलेला नाही. मग पाणी जातं कुठं? हॉटेलात त्यांना उत्तर मिळालं. शेजाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं, अकरा साक्षीदारांसमोर सांगितलं होतं: ज्याच्याकडं जास्त त्याच्याकडून घ्यायची!

अर्जात लिहिलं होतं, 'सदर इसमाने सामायिक बांधाखालून विनापरवाना बुरशीचे जाळे टाकून माझे बागेचे पाणी आपले बागेत ओढले असून, त्याकामी चिंचेखालील मातीचे अवैध उत्खनन केले आहे. तरी सदर जाळे काढून टाकणेत यावे.'

"काढून टाकणेत!" उत्तरेश्वरराव माजघरात ओरडले. "याला काय झुडूप वाटलं काय?"

"हळू बोला," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी उठून बांधाकडचं दार लावून घेतलं. "मी म्हंते, जाऊन सांगा की असलं काय नसतंच म्हून. मिटवा."

"नसतंच? विद्यापीठाच्या बाई खोटं बोलल्या? पडद्यावर फोटो दाखवला त्यांनी!"

आणि ते तालुक्याला गेले.

कचेरीतल्या कारकुनानं नोटीस वाचली, पुन्हा वाचली, उलटी करून मागं काही आहे का पाहिलं. खुलासा द्यायचा तर विहित नमुन्यात द्यावा लागणार होता, आणि विहित नमुना एकच होता: 'भूमिगत जलवाहिनी टाकणेबाबत.'

"जलवाहिनीचा व्यास?"

"केसापेक्षा बारीक."

"इंचात सांगा."

"इंचात येत नाही हो."

कारकुनानं लिहिलं, व्यास: निरंक. "लांबी?"

उत्तरेश्वररावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "चमचाभर मातीत कित्येक मीटर."

"आन् बाग किती?"

"एकर."

कारकुनानं मनातल्या मनात गुणाकार केला. "मग ही पैठणच्या पुढं जाईल."

"लांब पुढं!"

"धरणाच्या पुढं गेली तर आमच्याकडं येत न्हाई, पाटबंधाऱ्याकडं जा," असं म्हणून त्यानं पेन ठेवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचललं. "टाकली कधी?"

"मी नाही टाकली! ती चाळीस कोटी वर्षांपासून आहे."

"मग सोपं हाय," कारकून पहिल्यांदाच माणसासारखा हसला. "जुनं अतिक्रमण असलं की नियमित करून घेता येतं. उत्खनन किती ब्रास?"

"बारा टोपल्या."

कारकुनाचा चेहरा पडला. रोज नदीच्या वाळूच्या हायवा गाड्या मोजणाऱ्या माणसापुढं बारा टोपल्यांचा गुन्हा ठेवायचा म्हणजे त्याचा अपमानच. त्यानं उत्तरेश्वररावांना कृषीच्या कार्यालयात पाठवलं: बुरशी आहे असा त्यांचा दाखला आणा.

कृषीच्या कार्यालयात 'बुरशी' म्हटल्याबरोबर शिपायानं रोगाच्या टेबलाकडं बोट दाखवलं. तिथल्या साहेबांनी मान वर न करता एक पुडकं पुढं सरकवलं. "बुरशीनाशक. पंप पंधरा लिटरचा. इथं सही करा."

"साहेब, मला मारायची नाही. जगवायचीय."

साहेबांनी आता मान वर केली. "बुरशी जगवायची योजना न्हाई. मारायची हाय."

"पण ही चांगली बुरशी आहे."

"काका, माझ्याकडं रकाना एकच हाय. पुडकं न्या, न्हाईतर माझं उद्दिष्ट अपूर्ण राहतं. मारू नका पायजे तर."

उत्तरेश्वरराव दिवसभर उन्हात फिरून घरी आले ते दाखल्याऐवजी विष घेऊन. ज्या बुरशीसाठी ते लढत होते तिचा मारेकरी सरकारी खर्चानं त्यांच्या पिशवीत होता, आणि तो मिळाल्याची त्यांनी सही दिली होती. रात्रीचं जेवण त्यांनी रागानं नाकारलं आणि मग भुकेनं चिडून आणखी रागानं खाल्लं.

पंचनाम्याचा दिवस उजाडला. तलाठी आले, वडवणीकडचा तरुण पोरगा, डोक्याला रुमाल बांधलेला. कोतवाल आला. पंच म्हणून मुंजाजी आले, कमरेला जुना टेस्टर लावून. टँकरच्या रांगेत भांडी ठेवून निम्मं गाव आलं. आणि चेअरमन बद्रीनाथ आले ते जेसीबी घेऊन. जवळच कुणाच्या तरी शेततळ्याचं काम चाललं होतं, तिथून त्यांनी तासाभरासाठी उसना आणला होता.

"बांधाच्या कडंनं लांबच लांब चर मारा," बद्रीनाथ म्हणाले. "जाळं असंल तर सापडंल. न्हाई सापडलं तरी तुटंल. माझं दोन्हीत भागतंय."

"अहो, चिंचेची मुळं तुटतील!" उत्तरेश्वरराव जेसीबीच्या पुढं जाऊन, दोन्ही हात पसरून उभे राहिले. बसस्थानकात मागं येणाऱ्या गाडीला थांबवायची त्यांची ती खास पद्धत होती. तिकडं गाड्या थांबायच्या. जेसीबीवाला फक्त वळसा घालून पुढं गेला.

मुंजाजी ओरडले, "आरं, आधी लाइन बंद केली का?"

तीन फूट खोल, दोन फूट रुंद चर बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाला. तलाठ्यानं चरात उतरून पाहिलं. माती, मुरूम, चिंचेची तुटलेली मुळं, एक जुना नाल. तो वर आला, मांडीवर वही ठेवून लिहू लागला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला: "तीन फुटांपर्यंत खोदून पाहता पाइप, नळी, जाळे अथवा तत्सम काहीही आढळून आले नाही. सबब अर्जातील आरोपात तथ्य नाही. घ्या काका, सुटलात. सही करा."

गावानं सुटकेचा श्वास सोडला. बद्रीनाथांचं तोंड आंबट झालं. मंजुळाबाईंनी देवाला हात जोडले.

"मी सही करणार नाही," उत्तरेश्वरराव म्हणाले.

"आँ?"

"तत्सम आढळलंय." त्यांनी चरातून मातीचं एक ढेकूळ उचललं आणि तलाठ्याच्या नाकासमोर धरलं. "हे बघा."

"काय हाय त्याच्यात?"

"जाळं."

"मला तर दिसत न्हाई."

"दिसत नाहीच ते!"

लोक असे हसले की टँकरच्या रांगेतली दोन भांडी कलंडली. तलाठी बिचारा समजुतीनं म्हणाला, "काका, जे दिसत न्हाई ते मी पंचनाम्यात कसं लिहू?"

"वारा दिसतो का? गेल्या साली वादळाचा पंचनामा केलात की!"

"तो उडालेल्या पत्र्यांचा केलता."

"मी चोर नाही, हे खरं. ते लिहा," उत्तरेश्वररावांचा आवाज आता फलाटापलीकडं जाणारा झाला होता. "पण माझ्या बागेत जाळं नाही, हे खोटं. खोट्यावर सही करून सुटायचं असतं तर मी एसटीतच सुटलो असतो!" याचा अर्थ कुणाला कळला नाही, पण आवेश सगळ्यांना पोचला.

तलाठ्यानं पेनाचं टोपण लावलं. "बगा काका, जाळं न्हाई म्हणलात तर मामला हितंच संपला. हाय म्हणलात तर मला पाणी कुठून आलं ते शोधावं लागंल. मग हौदावर आन् बांधावर कोतवाल बसवावा लागंल."

"बसवाच!" बद्रीनाथ उसळले. "आठ दिवस, दिवसरात पहारा बसवा. मला बी कळू द्या, मपलं बोटभर पाणी रोज कोण पितंय ते. सापडू द्या फकस्त. मग मी हाय आन् तो हाय!"

"बसवा!" उत्तरेश्वररावही तितक्याच जोरात ओरडले. "जगाला कळू द्या बुरशी काय चीज आहे ती!"

त्या क्षणी बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या सुंदरबाई, बद्रीनाथांच्या पत्नी, मटकन खाली बसल्या. ऊन लागलं असेल, असं म्हणत दोघी-तिघींनी त्यांना सावलीला नेलं. आणि मंजुळाबाई, ज्या चारचौघांत नवऱ्याला कधी हाक मारत नसत, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो! जरा हिकडं या."

चिंचेच्या बुंध्याआड गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सही करा."

"का म्हणून?"

"पाणी बुरशीनं आणलं न्हाई."

"मग कुणी आणलं?"

"सुंदरबाईनं."

मंजुळाबाईंनी थोडक्यात सांगितलं, कारण वेळ नव्हता. बद्रीनाथांना साखर बंद झाली तेव्हापासून त्यांनी घरात सगळ्यांचीच बंद केली; मला न्हाई तर कुणालाच न्हाई. सुंदरबाईंचा जन्म गोड चहावर गेलेला. ते सकाळी सहाला दूध संस्थेत गेले की त्या बांधावरून यायच्या, चुलीपाशी बसून दोन कप चहा प्यायच्या, घटकाभर मन मोकळं करायच्या. महाशिवरात्रीला त्यांनी बागेची दशा बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून येताना हौदातलं पाणी आणू लागल्या. रोज चार घागरी. नको म्हटलं तर ऐकेनात.

"ते पाणी मी मडक्यांत घालते," मंजुळाबाई म्हणाल्या. "पहिल्या अकरा झाडांना. बाराव्यापर्यंत माझी कंबर जात न्हाई."

अकरा! उत्तरेश्वररावांच्या डोळ्यांपुढं ती हिरवी ओळ उभी राहिली. दाट जाळं, विरळ जाळं, व्याख्यानं, हॉटेल, अकरा साक्षीदार. त्यांनी चिंचेला हात टेकला.

"मला कावून सांगितलं न्हाई?" एरवी पुस्तकी बोलणाऱ्या उत्तरेश्वररावांच्या तोंडून आईची भाषा बाहेर पडली.

"तुमी ऐकत व्हता का? तुमी तर सांगत व्हता."

ते चिडले, भयंकर चिडले, पण कुणावर चिडायचं ते ठरेना. मंजुळाबाईंचे डोळे भरले होते. "मागं तिनं बहिणीला पायलीभर ज्वारी दिली, तर त्या माणसानं चार महिने तिला माहेरी बसवलंतं. आता पहारा बसला तर काय करंल? मला तिची लई भीती वाटायली. तुमची बुरशी खरी आसंल हो. मी न्हाई म्हंत न्हाई. पर आज नसू द्या."

उत्तरेश्वरराव बुंध्याआडून बाहेर आले. गाव वाट बघत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळली होती, आणि तीच आता स्वतःच्या हातानं खोडायची होती.

"आणा ती वही," ते म्हणाले.

तलाठ्यानं खुशीनं एक ओळ वाढवली आणि वाचून दाखवली: "जमिनीखाली जाळे असल्याचे माझे म्हणणे चुकीचे होते."

"चुकीचे नको. अपुरे लिहा."

"काका, आता कशाला?"

"बरं, चुकीचे." त्यांनी सही केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली तारीख.

"म्हंजे लाइनच नव्हती बे!" मुंजाजी ओरडले, आणि मग जो हशा पिकला तो तलवाड्यापर्यंत गेला असावा. बद्रीनाथांनी तर जवळ येऊन पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या कंट्रोलर. रिटायर माणसाचं व्हतं असं कधी कधी." मग कपाळाला आठी घालून ते म्हणाले, "पर मंग मपलं बोटभर पाणी जातं कुठं?"

उत्तरेश्वररावांनी हौदाकडं बोट दाखवलं. "चेअरमन, ऊन केवढं आहे बघा. उघडा हौद. पाणी उडतं वर. बाष्पीभवन म्हणतात त्याला."

"सकाळच्या पारी बी?"

"सकाळी तर जास्तच."

बद्रीनाथांनी विचार केला आणि मान डोलावली. "असंल. असंल. शास्त्र हाय ते."

शास्त्र! खरं सांगितलं तर अर्ज झाला, जेसीबी आला, चिंचेची मुळं तुटली. आणि खोटं सांगितलं ते एका झटक्यात पटलं, वर त्याला शास्त्र म्हणून मान मिळाला. डॉक्टर बाई इथं असत्या तर त्यांनी प्रशिक्षणं सोडून दिली असती, असं उत्तरेश्वररावांचं आजही ठाम मत आहे.

लोक पांगले, जेसीबी शेततळ्याकडं गेला आणि चर तसाच राहिला. खोदायला सगळे असतात, बुजवायला कुणाचा आदेश नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उत्तरेश्वरराव फाट्यावर गेले नाहीत. गेले असते तरी कोणत्या तोंडानं? ते बागेत आले. मंजुळाबाई चराच्या अलीकडं हवालदिल उभ्या होत्या. पलीकडं सुंदरबाई, डोक्यावर घागर. मधे दोन फुटांचा चर, कडा ढासळलेल्या, ओलांडायची सोय नाही. उत्तरेश्वररावांना बघून सुंदरबाईंनी घाबरून पदर पुढं ओढला आणि माघारी वळल्या.

"थांबा वहिनी," ते म्हणाले.

त्यांनी धोतराचा सोगा खोवला, चपला काढल्या आणि चौसष्टाव्या वर्षी चरात उडी मारली. कमरेशी माती, पायाखाली मुरूम. चिंचेची तुटकी मुळं त्यांच्या सदऱ्यात अडकत होती. त्यांनी दोन्ही हात वर केले. "द्या."

घागर हातात आली. पाणी हिंदकळून मानेवरून पाठीत गेलं. त्यांनी ती वळून मंजुळाबाईंकडं दिली. मग दुसरी. तिसरी. काल सरकारी कागदावर ते निर्दोष सुटले होते; आज सकाळी चोरी खरोखर चालू होती आणि ते तिच्या बरोब्बर मधोमध उभे होते.

चौथी घागर देताना सुंदरबाई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, माझ्यापायी तुमाला गावानं हसलं. राग आला आसंल."

"आला ना! येणार नाही तर काय!" उत्तरेश्वरराव घागरीतलं पाणी सांडणार नाही इतपत जोरात म्हणाले. "सगळ्यांचा आलाय. उद्यापासून पाच आणा. बाराव्या झाडाचं मी बघतो."